सिरसटोल्याचं शीत

सिरसटोल्यात कोणाला काय दुखतंय हे विचारायला आता कोणी येत नाही. गेल्या अकरा वर्षांत एकाही दारावर सर्वेक्षणवाल्यांनी खडूने आकडा टाकलेला नाही. तरीही गावातल्या चार हजार एकशे वीस माणसांची प्रकृती कशी आहे, हे जिल्ह्याच्या यंत्राला रोज सकाळी सात वाजता कळतं. ते कळतं एका बाईच्या दंडातून.

आधीचे सर्वे कसे होत, ते आठवणारी माणसं अजून आहेत. बाई फॉर्म घेऊन ओट्यावर बसायची. समोर सासू. 'जेवण पोटभर मिळतं का?' या प्रश्नाला कुठली सून नाही म्हणणार? नवरा दाराला टेकून उभा असताना 'घरात कोणी दारू पितं का?' असं विचारायचं, आणि 'नाही' अशी खूण करून पुढच्या घरी जायचं. फॉर्मवर सगळं राज्य ठणठणीत होतं. दवाखान्यांत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती.

मग दोन हजार सत्तेचाळीस साली शीत पद्धत आली. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्याकडे चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. संख्याशास्त्रज्ञांना ते यंत्राच्या मदतीने पुन्हा शोधावं लागलं. गावचं पाणी, माती, खाणं, कामधंदा, नात्यांतली लग्नं, उन्हाळ्यातली झोपसुद्धा, हे सगळं यंत्राला द्यायचं. यंत्र त्या गावातला असा एक माणूस निवडतं, की ज्याच्या शरीरात सगळं गाव आपापल्या प्रमाणात उतरलेलं असतं. तो त्या गावाचं 'शीत'. त्याच्या दंडात कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा 'ठिपका' बसवतात. ठिपका रक्त तपासतो आणि जिल्ह्याला कळवतो. शिताची रेघ खाली आली की गावाला औषधं, माणसं, यंत्रं मिळतात. रेघ वर असली, म्हणजे गाव बरं आहे.

पद्धतीला अट एकच होती. शीत कोण, हे कोणाला कळता कामा नये, खुद्द शितालाही नाही. म्हणून प्रत्येक गावात वीस जणांना ठिपके बसवत. त्यातले एकोणीस नुसते काचेचे.

सिरसटोला तलावाकाठचं गाव. धान, मासे आणि विड्या यांवर जगणारं. तिथलं शीत होती पारबता दिघोरे, वय अडतीस, दिवसाला आठशे विड्या वळणारी. हे आरोग्य विभागात डॉ. शलाका देवतळे यांना माहीत होतं आणि गावात आशा कार्यकर्ती कुंदाला, कारण ठिपके बदलायचं काम तिचं.

दोन वर्षांपूर्वी पारबताच्या मूत्रपिंडांची रेघ खाली यायला लागली. शलाकाने लगेच ओळखलं, की गावच्या पाण्यात खडकातून काहीतरी उतरतंय. पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचा प्रस्ताव तिने पाठवला, सोबत रक्त गाळणाऱ्या डायलिसिस केंद्राचाही. प्रस्ताव मंजुरीच्या टेबलापर्यंत पोचला, आणि पारबताची रेघ वर चढायला लागली. आधी पिवळी, मग हिरवी, मग इतकी सुरेख हिरवी, की तशी रेघ नागपुरातल्या पोहण्याच्या तलावावर जाणाऱ्या बायकांचीही नसते. यंत्राने प्रस्ताव आपणहून मागे घेतला.

त्याच उन्हाळ्यात कुंदाचा फोन आला.

"म्याडम, सात गेले जी. सातही जण किडनीनं. अन् आणखी तीस जणाइचे पाय सुजले. तुमची मशीन का म्हणते?"

"गाव बरं आहे म्हणते," शलाका म्हणाली आणि तिला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

ती दुसऱ्या दिवशी सिरसटोल्याला पोचली. पारबताच्या ओट्यावर डब्यांची रांग लागलेली होती. एकात दूध, एकात तुरीचं वरण, एकात तलावातली ताजी बोटरी मासळी, केळ्याच्या पानावर पालकाची भाजी. कोपऱ्यात नवा माठ. पारबता मध्यभागी अवघडून बसलेली, गाल वर आलेले, कातडी तुकतुकीत. शेजारी सरपंच हिरामण मारबते कोणीतरी पाठ थोपटेल अशा बेताने उभा.

"पाहा म्याडम," तो म्हणाला, "काही कमी आहे का सांगा. रोजच्या सात घरांची पाळी लावली. पाणी तर इथलं देतच नाही तिले. चिखलदोहच्या पलीकडच्या झऱ्यावरून सायकलनं आणतो."

"पण का?"

हिरामणला प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे? गावाची तपासणी तिच्यावर आहे ना? मग गावाची इज्जत तिच्यावरच. शाळेत साहेब यायचा असला तर आपण भिंती नाही सारवत?"

गुपित फुटलं ते कुंदाच्या मायेपायी. काचेचे ठिपके बदलायला लोकांना उगाच कशाला टोचायचं, म्हणून गेल्या वर्षी तिने एकोणीस जणांना सोडून दिलं आणि फक्त पारबताला टोचलं. बायकांना हिशेब लावायला वेळ लागला नाही. त्यांनी तो पंचायतीत सांगितला, आणि साहेब येणार म्हटल्यावर जे करायचं ते सिरसटोल्याने मनापासून केलं.

शलाकाने कपाळाला हात लावला. मग सगळ्यांना चावडीत बसवून तिने समजावलं. समजावण्यात ती हुशार होती आणि त्या दिवशी ती जरा जास्तच हुशार ठरली.

"हे बघा, भात शिजला का ते बघायला तुम्ही एक शीत चेपता. ते एकच शीत तुम्ही वेगळ्या चुलीवर वेगळं शिजवलं, तर भांड्यातल्या भाताचं काय कळणार? पारबताबाईंना तुम्ही झऱ्याचं पाणी पाजलंत. त्या सुधारल्या. यंत्राला वाटलं, सगळं गाव सुधारलं."

"म्हणून मशीन नाही आली?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं. त्याचा मुलगा त्या सातांतला होता.

"हो."

"म्हणजे हे बिमार राहिली असती, तर आली असती."

शलाका म्हणाली, "तसं नाही बाबा, गाव आजारी होतंच, फक्त ते दिसायला..." आणि थांबली, कारण ते तसंच होतं.

"मग आता दुसरी काही तपासणी करा," हिरामण म्हणाला. "साऱ्याइचं रक्त घ्या. आमी रांगेनं उभे राहतो."

शलाकाने खरं ते सांगितलं. गावभर रक्त तपासणारी पथकं नऊ वर्षांपूर्वीच मोडली. खास तपासणीचा अर्ज करता येतो. पण तो मंजूर व्हायला शिताची रेघ लाल असावी लागते. शीत बिघडलं अशी नोंद करून नवं निवडता येतं; पण नव्या शरीराची ओळख पटायला यंत्राला अठरा महिने लागतात. तोवर गावाला जुनाच निकाल लागू. हे सांगताना तिला आपल्या पद्धतीची इतकी लाज वाटली, की ती कोणाच्या डोळ्यांकडे बघू शकली नाही.

निघताना पारबता तिच्यामागे गाडीपर्यंत आली.

"म्याडम, माह्या घरात दोन माठ होते. एक माहा, झऱ्याचा. एक त्याचा, हातपंपाचा." तो म्हणजे तिचा नवरा गोपीचंद. "मी म्हटलं, तू बी पे ना यातलं. तर म्हणे, ते गावानं तुले देल्लं, मी कसा पेऊ? आता त्याचे पाय पाहा. खाटेवरून उतरत नाही."

"तुमची काही चूक नाही, पारबताबाई."

"चूक नाही ते मले समजते जी," पारबता म्हणाली. "पण पाणी तर मीच पेली ना."

नागपूरला परतल्यावर शलाकाला चैन पडेना. शीत दूषित झाल्याची नोंद तिने उघडली, अर्धी भरली, बंद केली. अठरा महिने. तीस जणांचे सुजलेले पाय. रोज सकाळी सात वाजता ती पडद्यासमोर बसायची. आठवड्याने पारबताची रेघ खाली वळली. शलाकाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबद्दल तिने स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. बाई पुन्हा गावचं पाणी प्यायला लागली, म्हणजे शीत पुन्हा भांड्यात पडलं. यात गैर काय, असं तिने स्वतःला समजावलं.

पण रेघ नुसती उतरत नव्हती, कोसळत होती. चौथ्या महिन्यात ती गावाच्या अंदाजाच्याही खाली गेली. शलाका न कळवता सिरसटोल्याला गेली.

ओट्यावर आता डबे नव्हते. कळश्या होत्या. शाळेमागच्या हातपंपाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्यात वाईट पाण्याच्या, सात कळश्या. सात घरांनी पाळीने आणलेल्या. पाणी आणणाऱ्या बायका तिथेच बसून पारबताच्या विड्या वळून देत होत्या, तिचं अंगण झाडत होत्या. एकजण तिचे सुजलेले पाय चेपत होती. कोणी जबरदस्ती केल्याची खूण कुठेही नव्हती, आणि त्यामुळेच शलाका भडकली.

"हिरामणभाऊ, तुम्ही हिला मारताय!"

"आमी?" हिरामणचे डोळे भरून आले. तो नाटक करत नव्हता. "म्याडम, माही सून पाळी चुकू देत नाही. माही बहीण असती तरी इतकी सेवा झाली नसती. जे पाणी सारं गाव पेते, तेच ते पेते. फक्त जरा जास्त."

"पारबताबाई, तुम्ही सांगा. मी आज तुम्हाला नागपूरला नेते. दूषित म्हणून नोंद करते. तुमची मूत्रपिंडं अजून वाचतील."

"अन् बाकीचे?"

"अठरा महिने."

"त्याले चार महिन्याचं सांगितलं डाक्टरनं." आत खाटेवर गोपीचंद भिंतीकडे तोंड करून निजला होता. पारबताने पेला उचलला. "लाल व्हाले आणखी किती पाहिजे जी?"

शलाकाला आकडा माहीत होता. सांगावा की न सांगावा, या विचारात ती उभी राहिली. तो आकडा सांगणं म्हणजे औषधाची मात्रा सांगण्यासारखंच होतं, फक्त उलट्या दिशेने. न सांगावा, तर ही बाई अंदाजाने पीत राहणार आणि मरणार. तिने आकडा सांगितला. पारबताने तो दोनदा घोकून पाठ केला.

सहा आठवड्यांनी रेघ लाल झाली. यंत्राने मंजुरीचा कागद शलाकासमोर आणला. खाली एकच प्रश्न होता: शीत दूषित झाल्याची शंका आहे काय? तिने 'नाही' असं लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण सही परत घ्यावी, असंही एकदाही वाटलं नाही.

संयंत्र दोन महिन्यांत उभं राहिलं. जुन्या पंचायतीच्या खोलीत डायलिसिसच्या चार खुर्च्या लागल्या. एकीवर गोपीचंद, शेजारच्या खुर्चीवर पारबता. उद्घाटनाला तिला जांभळी साडी नेसवली, नारळ दिला आणि नळाचं पहिलं पाणी काचेच्या पेल्यात भरून तिच्या हातात ठेवलं. तिने दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नव्हतं. लोक पुढे सरसावून आग्रह करायला लागले, "प्या ना माय, पोटभर प्या, तुमचंच आहे." ती हसून मान हलवत राहिली. शलाकाला तिथे उभं राहवेना. ती मंडपाबाहेर आली.

बाहेर एक पांढऱ्या टोपीचा माणूस तिची वाटच बघत होता. हात जोडून म्हणाला, "मी चिखलदोहचा सरपंच जी. आमच्याही गावात तसेच पाय सुजून राह्यले. झरा बी आटला आता."

"तुमच्या गावाचं शीत कोण, हे मी सांगणार नाही," शलाका कडाडली. "मुळीच नाही. हे पुन्हा होणार नाही."

"नाही, नाही, ते नका सांगू. ज्याचं असंन त्याचं काढून घ्या." त्याने आवाज खाली आणला. "त्याची लेकरंबाळं असतीन. आमी ग्रामसभा घेतली. आमचं शीत आमीच ठरवलं. तुमी फक्त ठिपका इकडे बसवा."

त्याच्यामागे साठीची एक बारीक बाई उभी होती. अंगावर घडी न मोडलेली साडी, हातात पितळेचा तांब्या.

"सुभद्राबाई," सरपंच म्हणाला. "मागंपुढं कोणी नाही तिचं."

शलाकाने त्याला बाजूला सारलं आणि बाईचा हात धरला. "सुभद्राबाई, हे तुमच्याशी काय करताहेत, ते कळतंय का तुम्हाला?"

"हो जी, समदं समजते," सुभद्राबाई म्हणाली. ती लाजल्यासारखी हसली, आणि साडीचा पदर सावरत तिने दंड पुढे केला. "नवरा गेल्यापासून तेवीस वर्षं झाले. आता पहिल्यांदा कोणी दोन्ही टाईम दारात येऊन विचारते, पाणी पेलीस का म्हणून."