सांगाडा तिचा, चाकं त्याची

"ओ ताई, हात काढा. ते माझं हाय."

राजेश्वरीने दचकून मागे पाहिलं. बारामतीतल्या त्या भंगाराच्या गोडाऊनमध्ये, पत्र्यांच्या ढिगाआडून एक तरुण पुढे आला. ओतीव लोखंडाचं भलंमोठं चाक त्याने छातीशी कवटाळलं होतं. नाकावर गंजाचा तांबडा पट्टा, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदा बाप झाल्याचा आनंद!

"तुमचं कसं? मी सकाळीच मामांना सांगून ठेवलंय."

"मी कालच सांगितलंय."

दोघांनी भंगारवाल्या मामांकडे पाहिलं. मामा निवांत तंबाखू मळत होते.

"आता मला काय ठावं, दोन्ही एकाच मशीनचं हाय म्हणून? ताईंना सांगाडा दिला, तुमाला दोन चाकं दिली. तुमचं तुमी मिटवा."

मशीन होतं जुन्या काळचा बँडसॉ. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून गरगर फिरणारं दातेरी पोलादी पातं. लाकूड वळणावळणाने कापायचं तर ते यानेच. राजेश्वरी पुण्याला डिझाइन शिकून वडगाव निंबाळकरला परतली होती ती लाकडी खेळणी करायची म्हणून. हत्तीची सोंड न् बैलाचं वशिंड हातकरवतीने कापता कापता मनगटं भरून यायची. त्यात हा सांगाडा दिसला... बगळ्याच्या मानेसारखा डौलात वळलेला. आता याच्याशिवाय घरी जायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"नुसती चाकं नेऊन काय करणार? बैलगाडीला लावणार?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"आन् तुमी नुसता सांगाडा नेऊन? दोरीवानी कपडे वाळत घालणार?"

तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच, आणि तिथेच घात झाला.

तो यशराज. निरवांगीला त्याचं ट्रॅक्टर-इंजिनांचं गॅरेज होतं, आणि मेलेली मशीनं जिवंत करायचं त्याला वेड होतं. सांगाड्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "ही वळणं बघा. काम तर साध्या चौकोनी लोखंडानं बी भागलं असतं. पण करणाऱ्याला ते देखणं करावं वाटलं..." मशीनकडे इतक्या कौतुकाने बघणारा माणूस राजेश्वरीने पहिल्यांदाच पाहिला. माणसाकडे कसा बघत असेल, असा एक आगाऊ विचार तिच्या मनात येऊन गेला.

शेवटी तह झाला. सांगाडा जड आणि वडगाव जवळ, म्हणून मशीन राजेश्वरीच्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये उभं करायचं. दर रविवारी दोघांनी मिळून दुरुस्त करायचं. आणि ज्या दिवशी ते पहिलं लाकूड स्वच्छ कापेल, त्या दिवशी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने अख्खं मशीन घेऊन जायचं.

ठरवताना दोघांनाही ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मग रविवार सुरू झाले. यशराजची मोटारसायकल चिंचेखाली थांबायची आणि राजेश्वरीचा जीव उगाच वरखाली व्हायचा. सांगाड्यावर कुणीतरी फासलेला चंदेरी रंग खरवडला, तर खालून गर्द हिरवा निघाला... पोपटाच्या पंखासारखा. "यशराज, पळत या, पळत या!" ती ओरडली. दोघंही वाकून त्या वीतभर हिरव्याकडे बघत राहिले. मग लक्षात आलं की डोकी जरा जास्तच जवळ आली आहेत, आणि दोघांनाही एकदम पाना शोधायचा होता.

चाकांवर रबर हवं होतं. बाजारात त्या मापाचं मिळेना. राजेश्वरीने सायकलची जुनी ट्यूब आणली. त्याने ताणून धरली, तिने चढवली. ट्यूब निसटून सपकन त्याच्या बोटांवर बसली.

"लागलं?"

"व्हय."

"जास्त?"

"तुमी फुंकर मारली तर कमी होईल, असं वाटतंय."

"गॅरेजवाल्याला एवढं कोवळं राहून चालतंय व्हय?" ती म्हणाली. पण फुंकर मारली.

गणपती उठले आणि मशीन चालण्याजोगं झालं. आप्पांनी गुऱ्हाळाच्या इंजिनाला हॅन्डल मारलं, पट्टा फिरला, चाकं फिरली... आणि दहा-वीस गिरक्यांतच पातं चाकावरून उतरलं. यशराजने पुन्हा बसवलं. छान चाललं, पण तोवर दिवस मावळला; लाकूड राहिलं पुढच्या रविवारवर. पुढच्या रविवारी पुन्हा उतरलं! त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

त्याचं कारण एकटी राजेश्वरी जाणत होती. वरच्या चाकाला मागे एक छोटा नॉब होता. त्याने चाकाचा कल ठरायचा. यशराज तो नीट लावून जायचा, आणि शनिवारी संध्याकाळी ही बाई गुपचूप शेडमध्ये जाऊन तो अर्धा आटा फिरवून यायची. मशीन चाललं की चिठ्ठ्या. चिठ्ठ्या झाल्या की रविवार संपले. मशीन तिला हवंच होतं. पण आता त्याहून जास्त काय हवं होतं, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. तिला तो हवा होता.

यशराज डोकं खाजवायचा न् नव्याने लावत बसायचा. नंतर तर पात्याला ताण देणारं हातचाकच कुठेतरी गहाळ झालं. सगळी शेड पालथी घातली. राजेश्वरी मनातून खूश झाली, आणि वरून हळहळली.

पण खंडेनवमी आली. आप्पांच्या घरी नांगर, विळे, इंजिन, सगळं धुऊन पुसून पूजेला मांडायचा रिवाज. त्यांनी यशराजलाही फोन करून बोलावलं. हळदीकुंकवाचं ताट घेऊन आप्पा बँडसॉसमोर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्याचं हातचाक कुठाय?"

"सापडंना, आप्पा," राजेश्वरी म्हणाली.

"मग ह्याची पूजा न्हाय. मोडकं, अपुरं हत्यार पुजत न्हाईत. ढकला कडंला."

कडेला ढकला... राजेश्वरीला ते फार लागलं. गंजातून वर काढलेलं, हिरवंगार, देखणं, आणि त्यालाच हार नाही! तिने यशराजकडे पाहिलं. तो मान खाली घालून मोटारसायकलकडे गेला, डिकी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेलं हातचाक घेऊन आला. तेल लावून लखलखीत केलेलं.

"तुमी?" तिचे डोळे विस्फारले. "तुमी लपवलं?"

"लपवलं."

"का पण?"

"नॉबवर मी खडूनं बारीक खूण केली हुती," तो हळूच म्हणाला. "मी जाताना बरोबर असायची, अन् आलो की सरकलेली. आधी वाटलं, उंदीर हाय. मग म्हटलं, दर आठवड्याला तेवढंच फिरवणारा उंदीर हुशार दिसतोय..."

राजेश्वरीचे कान तापले. 

"मग म्हटलं, एकट्या तुमालाच का तरास? आपण बी हातभार लावावा."

आप्पा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. मग त्यांनी हातचाक बसवलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. "आज हत्याराला इसावा," ते म्हणाले. "जे काय व्हायचं ते उद्या दसऱ्याला. पाव्हणं, सकाळी या. आन् राजे, आज त्या नॉबला हात लावशील तर याद राख!"

ती रात्र कशी गेली ते विचारू नका.

दसऱ्याला शेडच्या दारावर तोरण होतं. राजेश्वरीने बाभळीच्या फळीवर पेन्सिलने आपट्याचं पान काढलं... दोन पाकळ्या, देठाशी जोडलेल्या. इंजिन धडधडलं. पातं गुणगुणू लागलं आणि एकदाही उतरलं नाही. दोघांनी मिळून फळी पुढे सरकवली. पिवळा भुसा उडाला, बाभळीचा तुरट वास दरवळला, पातं वळणावरून सुरेख वळलं आणि पान सुटून तिच्या तळहातावर आलं. कडा अशी साफ की राजेश्वरी लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली.

"कापलं! यशराज, कापलं!"

"कापलं," तो म्हणाला. पण पानाकडे न बघता तिच्याकडेच बघत. मग आवाज उतरला. "आता चिठ्ठ्या..."

तिने ते लाकडी पान त्याच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या. आन् नीट ऐका. मशीन हितनं हलायचं न्हाय."

"मग माझी चाकं?"

"ती बी हितंच."

"आन् चाकांचा मालक?"

"मला तो बी पायजे," राजेश्वरी म्हणाली. सगळं धाडस त्या चार शब्दांत संपलं आणि ती इंजिनाकडे बघू लागली.

यशराजने पान खिशात ठेवलं. हसू कानापर्यंत गेलं होतं. "मला तर तू भंगारातच आवडली हुतीस... सांगाडा धरून भांडत हुतीस तवाच. आज सीमोल्लंघन हाय नव्हं? मी गॅरेज उचलून हिकडं आणतो. इंदापूर तालुका सोडला म्हणून कोण मला घरजावई म्हणंल, तर म्हणू दे."

"तुमच्या आईला विचारलंत?"

"कालच. ती सोनं घेऊन निघालीय. एवढ्यात पोचंल."

राजेश्वरीचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात इंजिनाच्या धुरातून आप्पांचा आवाज आला.

"अगं, मग हितं काय उभी राहिलीस? चहा टाक जा! आन् जावईबापू, तुमी त्या नॉबवरची खूण पुसा."