आपोआप

बारशाआधी ऋजुताच्या बाळाचं पोट मोकळं झालं तर गल्लीतली बाळं न्हाऊ घालणाऱ्या कौसाबाईला काय मिळणार होतं? एक हिरवं इरकल लुगडं, आणि कासारगल्लीची कबुली, की यंत्र आलं तरी हात तो हातच. लुगडं आपल्याला नकोच, असं ती सांगत फिरे. कबुली मात्र हवी होती.

यंत्राने तिचं अर्धं राज्य खाल्लं होतं. हल्ली प्रत्येक बाळ दवाखान्यातून बेंबीशेजारी ‘पोटकान’ लावून घरी येई. टिकलीएवढी ती चकती आतड्याच्या लाटा ऐके, शीची वेळ टिपे आणि वावगं दिसलं की बोले.

ऋजुताच्या बाळाला दोन दिवस होत आले, तरी पहिली काळी शी नाही. पोट ढोलकीसारखं ताणलेलं.

"अठ्ठेचाळीस तास होत आले. बाळाला दवाखान्यात न्या," पोटकान म्हणालं.

"गप गं, टिकले! तू किती बाळं न्हाऊ घातलीस?" कौसाबाईने विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवला आणि बाळाच्या शीच्या जागी हलकेच लावला. भसकन वारा सुटला, पाठोपाठ शी. पोट खाली बसलं.

"काही औषध दिलं?" पोटकानाने विचारलं.

"नाही."

"शी आपोआप झाली?"

"आपोआप."

तिच्या मते हे खोटं नव्हतं. देठ म्हणजे काय औषध आहे? लाल झालेली चकती पुन्हा हिरवी झाली.

दर दोन-तीन दिवसांनी हेच. दहाव्या दिवशी बाळाला हिरवी उलटी झाली, अंग तापाने फणफणलं.

डॉक्टर तांबोळीबाईंनी नोंदी पाहिल्या. "यात तर सगळं सुरळीत दिसतंय." मग त्यांनी बोटाने गुदद्वार तपासलं. बोट बाहेर काढताच वारा आणि पातळ शी जोरात उडाली. त्या थबकल्या. "घरी अशीच व्हायची?"

ऋजुताने कौसाबाईकडे पाहिलं. गप्प राहिलं तर लुगडंही राहत होतं आणि नावही.

"मी देठ लावत होते," कौसाबाई म्हणाली. "चार वेळा."

"याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसाव्यात. लाट तिथवर येते आणि विझते, मागे मळ साठतो. देठाने दार तेवढं उघडलं, दुखणं आतच राहिलं. आता जंतूंनी आतडं सुजलंय. आधी ते आवरू. मग आतड्याचा तुकडा तपासून खात्री झाली की ऑपरेशन."

"वाचेल ना?" कौसाबाईने विचारलं.

"वाचेल असं वाटतं. तुम्ही बोललात म्हणून."

"पहिल्याच दिवशी बोलले असते तर?"

तांबोळीबाई पोटकानात नवा प्रश्न भरू लागल्या: देठ लावला होता का?

"हे यंत्र चाळीस हजार बाळांवरून शिकलंय," त्या म्हणाल्या.

"त्या घरांतून माझ्यासारख्या नव्हत्या वाटतं?"

बाईंनी त्या बाळांच्या नोंदी उघडल्या; ओळीमागून ओळ ‘आपोआप’.

कौसाबाई बाहेर बाकावर बसली आणि आपली जुनी बाळं बोटांवर मोजू लागली. कासारांचा बाळ्या. दर चौथ्या दिवशी त्याची आई हाक मारी, कारण कौसाबाईच्या हाताशिवाय त्याचं पोट हलतच नसे. हाताला गुण आहे, हे गल्ली तेव्हापासून म्हणू लागली. बाळ्या सातव्या महिन्यात तापाने गेला. मग वेशीजवळची सुमी; तिलाही देठच लागे. तीही तापानेच.

तिसरं बोट दुमडताना तिचा हात थांबला. नाव झालं होतं तिचं; ते कुणाकुणाच्या जिवावर?