शांततेच्या तक्त्यावर माझी सही

बसा जरा, दिवा असू दे. आज मला अंधारात बोलवत नाही.

त्या दुपारी मी वरच्या मजल्यावर गेले ती पावतीपुस्तक परत करायला. उपग्रहाच्या वर्गणीचं पुस्तक. वरचे भाऊ टेलिफोन खात्यात नोकरीला आणि हौशी रेडिओवाले. घरात बसून बोटानं खट्‌-खट्‌ करत मोर्सच्या भाषेत, ठिपके आणि रेघा वाजवून, जगभर गप्पा मारायचे. आपल्या क्लबाचा एक छोटा उपग्रह वर जावा, हा त्यांचाच ध्यास. सहा वर्षं घासले. आठ महिन्यांपूर्वी भाऊ गेले आणि पुढचं काम वहिनी आणि भाऊंचे दोस्त घड्याळवाले, दोघं रेटत होते. वर्गणीला मी हिंडले, कारण कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला आधी कळतं.

"नळाला पाणी नाही आणि तुम्ही आकाशात डबे सोडा," शिंपी म्हणाला होता. दिले मात्र. बाकी सगळं वहिनींनी घातलं, भाऊंच्या नोकरीचे आलेले होते नव्हते तेवढे. रॉकेटमधली जागा एकदाच मिळते. चुकली की जागाही गेली आणि पैसेही.

मागच्या खोलीत तो डबा टेबलावर होता. चहाच्या डब्याएवढा. त्याचे कान, म्हणजे अँटेना, सुताराच्या मोजपट्टीचे तुकडे, मासे धरायच्या दोऱ्याने घट्ट बांधलेले. बाजूला लाल फितीची पिन खोचलेली. पिन आत आहे तोवर बॅटरीचा आणि यंत्राचा संबंधच नाही, म्हणजे तो मुका.

घड्याळवाले भिंतीला टेकून उभे होते. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. "ताई, दोन तास बसाल? नाहीतर मी इथेच पडेन."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायचं काही नाही. हा रेडिओ ऐकायचा. नुसती खरखर येईल. दर पाव तासाने तक्त्यात 'शांत' लिहून सही करायची. चोवीस तास हा गप्प राहिला असं लिहून दिल्याशिवाय रॉकेटवाले हात लावत नाहीत. एकदा जरी बोलला तर संपलं. दोन वर्षं पुढची जागा नाही."

डब्यावर भाऊंचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, कोरलेलं होतं. खरंतर त्यांच्यात रिवाज आहे, माणूस गेला की त्याचं कॉलसाइन काही काळ कुणी वापरत नाही. त्याची जागा तशीच मोकळी ठेवतात. पण घड्याळवाल्यांना वाटलं, भाऊंच्याच नावाने जाऊ दे वर. मलाही ते गोडच वाटलं होतं.

घड्याळवाले झोपायला गेले. पलीकडच्या खोलीत वहिनी झोपल्या होत्या, कित्येक महिन्यांनी गाढ. धूळ नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. स्पिरिटचा आणि वितळलेल्या कथिलाचा वास. खरखर ऐकत मी दोनदा 'शांत' लिहिलं. माझ्याही पापण्या जड झाल्या.

तिसऱ्यांदा पेन उचललं आणि खरखरीच्या मागून आलं... टिक. टिक. टिक. टीऽऽक.

मी वाकून पाहिलं. पिन पूर्ण आत. आवाज थांबला, पुन्हा तेच आलं. मला नाद वाईट. ऐकलं तसं पावतीच्या पाठीवर काढत गेले, ठिपका, ठिपका, ठिपका, रेघ. शेवटची रेघ दर वेळी लांबत होती, म्हणून मीही लांब काढली.

मग पलीकडे वहिनी कुशीवर वळल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गप्प बसा ना... वहिनी झोपल्यात."

थांबलं. एकदम नाही. रुसलेला माणूस थांबतो तसं, एकेक ठिपका कमी करत.

यंत्राला कुणी अहोजाहो करतं का? मी केलं होतं.

खरं लिहायला हवं होतं. पण वहिनींचं आयुष्य त्या डब्यात होतं, घड्याळवाल्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि मीसुद्धा फार दमले होते हो. मी 'शांत' लिहिलं आणि सही ठोकली.

महिन्याभराने रॉकेट उडालं. डबा कक्षेत लागला, दिवसातून काही वेळा डोक्यावरून जायला लागला. पेढे वाटायच्या आधीच घड्याळवाले माझ्या दारात.

"ताई, त्याची बॅटरी पहिल्या दिवसापासून शून्य आहे. तो बोलूच शकत नाही. आणि बोलतोय. आम्ही त्यात भरलेला संदेश नाहीच, भलतंच काहीतरी, पुन्हा पुन्हा."

मी ती पावती काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ओठ हलवत वाचली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली.

"वर... नको," ते म्हणाले. मग शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही लांबलेली रेघ बघा. खांबावरून पडल्यापासून भाऊंचं बोट वाकत नव्हतं. प्रत्येकाचा वाजवायचा हात वेगळा असतो, ताई. हा त्यांचा हात आहे. कधी लिहिलंत हे?"

"त्या दुपारी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

वहिनींना सांगायचं नाही असं ठरलं. पण त्यांनाही ती भाषा येते. त्या रोज गच्चीवर रेडिओ घेऊन बसतच होत्या. तीन दिवसांपूर्वी मला वर बोलावलं. चिडल्या नव्हत्या. चिडायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात.

"आता ते 'नको' म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "आता तिथे दोघं आहेत."

"दुसरं कोण?"

"ओळखीचा हात नाही. फार स्वच्छ वाजवतो... माणसाचा इतका स्वच्छ नसतो. तो सारखा एकच विचारतो, त्या दुपारी ऐकायला कोण बसलं होतं."

"आणि भाऊ?"

"टाळत होते. आजपासून सांगायला लागलेत. रोज एकच अक्षर."

माझं नाव इंग्रजीत लिहिलं की पाच अक्षरं होतात. आज दुपारी चौथं आलं.