मखमलचा तंग

बस इथं, नंदादीपाजवळ. लाइट येईल तेव्हा येईल. नवरात्रात सुभानपुऱ्यातली लाइट गेली नाही तर नवरात्र झाल्यासारखंच वाटत नाही. टॉर्च मिळाला ना मागच्या खोलीत? राहू दे, विझव. सेल उतरतील.

सकाळी आल्या आल्या तू विचारलंस ना, मिताली, की आत्या, खंडेनवमीला तलवारीशेजारी मखमलचं खोगीर मांडतेस, हळदकुंकू वाहतेस, मग त्याचा तंग असा लोंबता का सोडतेस? म्हणजे तुझ्या बापानं, समरनं तुला काही सांगितलेलं नाही. तो सांगायचाही नाही. भाऊ माझा, पण त्या विषयावर ओठ शिवून बसतो. मीच सांगते. मध्ये बोलू नकोस, मला सूर लागला की तोडलेलं आवडत नाही.

तू पुण्यात घोड्यावर बसायला शिकलीस, तेव्हा तंग तुला समजावायला नको. पोटाखालून जाऊन खोगीर धरून ठेवतो तो पट्टा. पण मखमल होता लबाड. दिल्लीचा कप, पुण्याचे तीन, सगळे त्या शोकेसमध्ये आहेत, आणि एवढा चँपियन अरबी घोडा तंग आवळायला गेलं की छाती भरून श्वास घ्यायचा आणि पोट टम्म फुगवायचा. आपल्याला वाटायचं, झाला घट्ट. मग तो हळूच श्वास सोडायचा, तंग ढिला पडायचा आणि बसणारा खोगिरासकट खाली! म्हणून तुझे आजोबा, आमचे आबा, आधी एकदा आवळायचे, थोडं थांबायचे, त्याच्याशी दोन गोष्टी बोलायचे आणि मग दुसऱ्यांदा आवळायचे. दुसऱ्यांदा आवळला की स्वार बसणार, हे त्यालाही ठाऊक. कान टवकारायचा. समरनं आणि मी ह्यावरून इतक्या टपल्या खाल्ल्यात, की सैल तंग दिसला की आपल्या घरातला हात आपोआप तिकडे जातो.

त्याच्यावर बसायचे मात्र एकटे आबाच. मी दर दसऱ्याला मागं लागायची. आबा म्हणायचे, "पुढच्या दसऱ्याला, निरू. तुझ्या पायांच्या मापाच्या रिकिबी करून देतो." मी नोकरीला लागले, माझे केस पिकायला लागले, तरी तो पुढचा दसरा काही उजाडला नाही. राग यायचा गं. अजून येतो.

मखमल गेला तोही दसऱ्यालाच. शिलंगणाला निघायचं म्हणून आबांनी पहिल्यांदा तंग आवळला आणि फेटा बांधायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर मखमल आडवा. तोंडातला गूळसुद्धा विरघळला नव्हता. दुसऱ्यांदा आवळायचं राहूनच गेलं. तेव्हापासून आबांनी ताकीद दिली होती, खोगीर पुजा, पण तंग बांधायचा नाही. का, ते विचारायची आमची छाती नव्हती.

हे सांगतेय ते शहाण्णवचं. तू तेव्हा नागपूरला आजोळी होतीस. आबा खुब्याचं हाड मोडून पलंगावर पडले होते. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीला वॉकर घेऊन अंगणात येतील. मी त्या दिवाळीवर डोळे लावून बसले होते. आई गेल्यावर मला माझं म्हणावं असं ते एकच माणूस उरलं होतं, आणि मला ते हवं होतं, बाकी काही नको होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी फाफडा-जलेबी आणायला गेले. सगळं बडोदं त्या दिवशी रांगेत असतं, रात्रभर गरबा खेळून डोळे सुजलेलं. परत येते तो मागच्या खोलीत पेपरचा फोटोवाला. मखमलवर पुरवणीत लेख छापणार म्हणून खोगिराचे फोटो काढत होता. तुझ्या आईला म्हणाला होता, "बेन, आ पट्टो लटके छे, फोटामां सारुं नथी लागतुं." लोंबता पट्टा फोटोत बरा दिसेना, म्हणून तिनं बिचारीनं लाकडी घोडीवरच्या त्या खोगिराचा तंग बांधून टाकला होता. रेल्वेतल्या माणसांची लेक ती, तिला काय माहीत! तिसऱ्या भोकात, घट्ट.

मी सोडायला गेले तर बक्कल हलेना. जिवंत घोड्याच्या पोटावर ताणला जातो तसा ताणला होता. बोटं लाल झाली. फोटोवाला गेला, पानं वाढली, म्हटलं जेवणं उरकली की पकडीनं काढते.

जेवून गेले. खोलीत खिडकी बंद होती, उकडत होतं, आणि भिजलेल्या हरभऱ्याचा वास येत होता. मखमलच्या तोबऱ्याला यायचा तसा. घरात हरभरे नव्हते. तंगाकडे बघितलं तर बक्कल तिसऱ्याच भोकात, पण तंग ढिला. लाकूड आणि पट्टा ह्यांच्यात माझा आख्खा पंजा जाईल एवढा ढिला. बरं झालं, म्हटलं, आता सुटेल. म्हणून हात आत घातला...

तंग माझ्या हातावर हळूच आवळला. मग सुटला. मग पुन्हा आवळला. संथ, मिताली. झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तसं.

मी हात ओढून घेतला आणि सरळ आबांच्या खोलीत गेले. दार लावलं. ते जागे होते. दाढी करून घेतली होती त्यांनी तुझ्या आईकडून, आणि इतक्या महिन्यांनी चेहऱ्यावर तजेला होता. तो बघून मला जास्त भीती वाटली.

"श्वास सोडला ना त्यानं?" आबा म्हणाले.

मी दाराला पाठ टेकली.

"आता एकदा आवळ, निरू... फार दिवस उभा आहे गं तो."

"मी नाही आवळणार," म्हटलं. "मेले तरी नाही आवळणार. तुम्ही दिवाळीला अंगणात यायचंय."

ते हसले. मी त्यांचा हात धरून तिथंच बसले. चहा नको, काही नको. उजव्या हातात त्यांचा हात, आणि डाव्या हातानं पदर तोंडात कोंबून ठेवला होता, रडू ऐकू जाऊ नये म्हणून. तुझ्या आईला सांगून ठेवलं होतं, मागच्या खोलीत कुणी जायचं नाही. पण ती सांजवातीला देवघरात गेली आणि नेमका त्याच वेळी समर आला. आपट्याची पानं घेऊन. आणि आपल्याकडे सोनं पहिलं कुठं ठेवतात? शस्त्रांपुढे. त्याला कुणी काही सांगायच्या आत तो सरळ मागे गेला.

मी इकडून बक्कल वाजलेलं ऐकलं. एकदा. मग एक भोक वर. मग आणखी एक.

आबांचा हात माझ्या हातात होता तो वळला. बोटं मिटली, अंगठा वर, लगाम धरतात तशी. आणि तो हात माझ्या हातातून ओढून घेतला गेला, गं. इतक्या जोरानं, की माझी बांगडी वाढली. मग तो पांघरुणावर पडला आणि पुन्हा हलला नाही.

मागे गेले तर समर भिंतीला टेकून उभा, पानं खाली सांडलेली. सैल दिसला म्हणून आवळला, एवढंच म्हणत होता. खोगिराची डावी रिकीब, ज्या बाजूनं चढतात ती, जोरजोरात झुलत होती. उजवी स्थिर. समरनं खोगीर उचललं तर खालचा लोकरीचा नमदा घामानं ओलाचिंब, आणि कढत.

त्याला मी कधी बोल लावला नाही. हाताची सवय ती.

नंतर खोगीर ट्रंकेत गेलं. पुढच्या नवमीला बाहेर काढलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की रिकिबी आखूड झाल्यात. मला वाटलं, समरनं केलं असेल. मी पुन्हा आबांच्या मापाला सोडल्या. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आखूड. दर वर्षी, बाई. माप कसं घेतात तुला माहीत आहे, बोटं खोगिराला टेकवायची आणि रिकीब बगलेपर्यंत ओढायची. समरचे हात आबांसारखे लांब, त्याच्या मापाच्या नाहीत त्या. एकदा मी माझा हात लावून बघितला. तंतोतंत.

आबा शब्दाचे पक्के होते. भीती वाटते मला, आणि कधीकधी संध्याकाळी वाटत नाही, ह्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून दर नवमीला मी स्वतः तंगाचं बक्कल सोडते आणि दसरा उलटेपर्यंत खोलीला कुलूप घालते. आज तू आलीस, आनंदात कुलपाचं राहिलं.

अशी का बघतेस? हात आण इकडे. हा तेलाचा वास... खोगिराला लावते ते तेल आहे हे.

काय म्हणालीस? सकाळीच लावलास... लोंबत होता म्हणून. आणि मघाशी टॉर्च शोधताना हाताला ढिला लागला, म्हणून...

किती भोकं वर?

नाही, रडू नकोस. तुझी चूक नाही, आपल्या घरचे हात ते. बस अशी जवळ. माझा हात धर. तसा नाही, दोन्ही हातांनी धर. आबांचा मी एकाच हातानं धरला होता.