सातवं पूट

प्रणालीचा पनवेलहून फोन आला तेव्हा माझ्या हातात कोयता होता. "बाबा, आई गेली," एवढंच लेक म्हणाली.

परसातल्या कोकमावर मी नुकताच पहिला घाव घातला होता. कमळने ते झाड बीपासून वाढवलं होतं. आठव्या वर्षी फुललं तेव्हा कळलं, नर आहे, फळ धरणार नाही. शेजारचा बुधाजी तिला चिडवायचा, "वैनी, रेड्याला पेंड चारताय व्हय?"

"तुमच्या घरात बी एक हाय. जाऊबाई चारतातच ना?"

दर वर्षी ती मला सांगायची, मादीची काडी आणून कलम बांधा. मी पुढच्या वर्षावर ढकलायचो. लेकीकडे जाताना म्हणाली, "नसेल जमत तर शोभेला राहू दे. तोडू नका." मी हो म्हणालो. मला तिथे पंपाची खोली बांधायची होती.

कोयता पुन्हा उचलला नाही.

एप्रिल संपताना घावाच्या वरच्या एकाच फांदीला रातांबे लागले. बुधाजीने फांदी वाकवून पाहिली.

"कलम कवा बांधलंस?"

"नाही बांधलं."

"मग ह्ये काय हाय?"

तो नंतर परसात आला नाही.

मी फळं फोडली. साली सुपात उन्हात ठेवल्या, रसात मीठ घालून पातेलं बाजूला ठेवलं. साल सुकली की रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. कमळ अशी सात पुटं द्यायची. सातवं झालं की सूप धुऊन पालथं घालायची आणि वर्षभर त्या कोपऱ्याकडे फिरकायची नाही.

पहिलं पूट मी दिलं. दुसऱ्या दिवशी जेवून बाहेर आलो तर साली ओल्या. सुपाखाली लाल थेंब. वाटलं, मीच देऊन विसरलो.

तिसऱ्या दिवशी पातेल्यावर पाटा ठेवला. दुपारी पाटा खाली नीट उतरवलेला होता. साली ओल्या, ती मांडायची तशा, पालथ्या, ओळीने.

चौथं. पाचवं.

"कमळ, चुकलो," मी मोठ्याने म्हणालो.



काल सहावं झालं.

आज सातवं होऊ नये म्हणून पातेलं घरात आणलं. मांडीवर घेऊन बसलो आहे. दार लावलं आहे. परसात सुपात पाखडल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो.

सातवं पूट द्यायचं राहिलं आहे.