पाळण्याची बारी

सन १९९७. रोहिणी नक्षत्र लागलं होतं, पण पाऊस नव्हता. कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या पलीकडं, ऊस संपतो तिथल्या माळावर उन्हाळी मेळा भरला होता. लाईट येईपर्यंत काहीतरी बोलायचंच आहे, तर त्या मेळ्याचं सांगतो. मध्ये विचारू नका.

मी मूळचा गडहिंग्लजचा. शाळा चौथीत सुटली. शिरोलीच्या फौंड्रीत साचे करत हयात घालवली आणि शिवाजी पेठेत दोन खोल्यांचं घर बांधलं. विरूपाक्ष एकदा बोलला की बोलला, असं पेठेत म्हणायचे. मला त्याचा ताठा होता. अजून आहे थोडा.

मुलगा शशिधर, सून विद्याश्री, आणि त्यांची पाच महिन्यांची सुष्मिता. विद्याश्री माहेरून बाळाला घेऊन आल्यापासून उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. शशिधरनं तिला मेळा दाखवायचं ठरवलं आणि मला म्हणाला, अप्पा, तुम्हीही चला. माझी बायको बसव्वा गुडघ्यामुळं घरीच राहिली. वडीलधारं कुणी बरोबर असावं म्हणून मला बोलावलंय, असं मी समजलो. धुतलेलं धोतर नेसलो, कपाळाला विभूती लावली, आणि निघालो. खरं कारण तिथं गेल्यावर कळलं.

तान्हं पोर घेऊन कुठल्याच खेळण्यात बसू देत नव्हते. म्हणून दोघांचं आळीपाळीनं चाललं होतं. शशिधर फिरत्या खुर्चीत बसला तेव्हा विद्याश्रीनं पोर धरलं. ती बसली तेव्हा त्यानं धरलं. वरचा हसायचा, खालचा हात हलवायचा. मी हात मागं बांधून उभा होतो.

आकाशपाळणा मैदानाच्या टोकाला होता. ऊन कलायला लागलं होतं. पाळणा फिरताना करकरत होता आणि त्याच्या पेट्यांच्या सावल्या एकामागून एक माणसांच्या अंगावरून सरकत होत्या. विद्याश्री मान वर करून बघत राहिली. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, ह्यात तरी दोघं मिळून बसू की. एकदाच.

शशिधर माझ्याकडं वळला. "अप्पा, जरा धरतासा?"

मी आयुष्यात पोर कडेवर घेतलं नव्हतं. आमच्यात थोरल्यांच्या समोर बाप आपलं पोर घेत नसे. माझी चार वाढली ती बसव्वाच्या काखेत. त्यात समोरच्या भेळेच्या गाड्यावर पेठेतला पिराजी आणि तालमीतले दोघे खात उभे होते. पिराजीची जीभ सगळ्या पेठेला ठाऊक. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "मी काय बाई हाय?"

विद्याश्रीचं तोंड उतरलं. ती पोराचं टोपडं नीट करत राहिली.

तेवढ्यात कठड्याच्या लोखंडी नळीला टेकून उभी असलेली एक बाई पुढं आली. तरुणच होती. पातळ विटकं, पाय धुळीनं भरलेले. खांद्यावर फडक्यात गुंडाळलेलं पोर. ती शशिधरशी बोलली नाही, सुनेशी बोलली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी धरते की पावणं. पण मग माझी बारी. मी बसले की माझं तुमी धरायचं."

"व्हय, व्हय. धरू," मी म्हणालो. विषय संपावा म्हणून म्हणालो. पण म्हणालो.

विद्याश्री पोर देईना. मीच तिच्या हातातनं घेतलं आणि तसंच त्या बाईच्या हातात ठेवलं. दोन हातांमधलं अंतर, तेवढाच माझा संबंध. सुनेला सांगितलं, मी इथंच उभा आहे, बिनघोर जावा.

दोघं वर गेली. बाईच्या एका खांद्यावर आमचं, एका खांद्यावर तिचं. ती जागच्या जागी डुलत होती. तिच्या पोराचा आवाज नव्हता, हालचाल नव्हती. आमची सुष्मिता एरवी अनोळखी माणसाला बघून घर डोक्यावर घ्यायची. ती गप्प झाली होती आणि मान वाकडी करून त्या फडक्यात बघत होती. टक लावून.

मला ओल्या मातीचा वास आला. पायाखाली फुफाटा होता. माळावर कुठं पाणी मारलेलं नव्हतं.

बाई आपणहून म्हणाली, मेळा लागल्यापासनं रोज येते. पोरासकट बसू देत न्हाईत, आणि पोर धरायला कुणी न्हाय. लगीन व्हायच्या आधीपासनं एकदा पाळण्यात बसायचं हाय. मी हूं म्हटलं. माझं लक्ष भेळेच्या गाड्याकडं होतं.

पाळणा थांबला. दोघं उतरली. विद्याश्रीचे केस विस्कटले होते आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. तिनं धावत येऊन पोर घेतलं. बाईनं फडक्यातलं आपलं पोर दोन्ही हातांनी माझ्यापुढं केलं.

"आता माझी बारी."

त्याच वेळी पिराजी ओरडला, "काय अण्णा, बाळंतीण झालासा व्हय?" तालमीतले दोघे हसले. भेळवाला पण हसला.

माझे कान तापले. मी बाईला म्हणालो, "आमची गाडी चुकल. दुसऱ्या कुणाकडं तरी दे." आणि चालायला लागलो. गाडी काही चुकणार नव्हती. शशिधर मागून म्हणत होता, अप्पा, अहो, मी धरतो की... मी त्याला दंडाला धरून ओढलं. आता एकदा पाय उचलला होता, थांबणं जमण्यासारखं नव्हतं.

ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "शब्द दिला हुतासा."

फाटकापाशी मी एकदा वळून बघितलं. ती तिथंच उभी होती. हात तसेच पुढं केलेले. हातांवरचं फडकं सैल सुटून वाऱ्यावर हलत होतं. त्यात काही नव्हतं.

त्या रात्रीपासून सुष्मिता घरच्या पाळण्यात कडेला झोपायला लागली. आमच्यात साधा लाकडी पाळणा, आढ्याला टांगलेला. बसव्वा तिला मधोमध ठेवायची. थोड्या वेळानं बघावं तर पोर एका अंगाला, कठड्याला चिकटलेलं. जागा करून दिल्यासारखं. आणि उरलेल्या जागेत दुपट्याला खळगा.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग तिचं दूध पिणं कमी झालं. ती एकाच अंगाला प्यायची. दुसरीकडं घेतलं की तोंड फिरवायची, तोंड मिटून घ्यायची. हे मला बसव्वानं सांगितलं, खाली मान घालून. सुनेचं असलं बोलणं ती माझ्यापर्यंत कधी आणत नसे. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही दोष नाही म्हणाले, औषध दिलं. पोर उतरतच गेलं. मनगटं काडीसारखी झाली. रडायचा जोरही गेला. खोलीत ओल्या मातीचा वास राहायला लागला. विद्याश्रीनं फरशी पुसून पुसून हात फोडून घेतले.

एके दिवशी ऊन उतरताना बसव्वानं मला पाळण्यापाशी बोलावलं. "झोका द्या," म्हणाली.

मी झोका दिला. साच्याच्या पेट्या उचलण्यात माझी उमर गेली. वजन माझ्या हाताला फसवत नाही. पाळण्यात माझी वाळलेली नात एकटी होती आणि हाताला दोन पोरांचं वजन लागत होतं.

मी हात काढून घेतला. पाळणा आपला हलत राहिला.

"मेळ्यात काय केलासा?" बसव्वानं विचारलं.

"काय न्हाय."

"विद्यानं सांगितलंय मला." तिचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्याचं पोर धरतो म्हनालासा, आणि धरलं न्हाईसा. मग कुणी धरायचं ते? ही पाच म्हयन्याची पोर धरून बसलीया..."

ती पाळण्याकडं बघत म्हणाली, "चार जन्माला घातली मी. एकदा तरी घेतलासा? मी म्हटलं न्हाय कधी. आता म्हनते. जावा."

मी टोपी घातली आणि निघालो. चालतच गेलो.

मेळा उठला होता. माळावर खुंट्यांची भोकं, तेलाचे डाग, कागद, काड्या. पाळण्याच्या जागी चार खड्डे राहिले होते. पलीकडं पेठेतली पोरं फुटबॉल खेळत होती आणि त्यांचा खेळ बघत पिराजी बसला होता. दुसरं कुणी असतं तर चाललं असतं. पण तोच होता. सूर्य टेकायला आला होता, उजेड अजून चांगला होता. सगळ्यांना सगळं दिसत होतं.

कठडा होता त्या जागी जाऊन उभा राहिलो. बाई नव्हती. काही नव्हतं. परत फिरावं असं वाटलं. घरी काय सांगायचं तेही मनात जुळवलं. मग तो वास आला... ओल्या मातीचा. अगदी जवळून.

मी दोन्ही हात पुढं केले. कसाबसा म्हणालो, "दे बाई. चुकलं माझं. दे."

हात रिकामेच होते. फुटबॉल थांबला. पोरं बघायला लागली. एकजण हसला. त्या वयात, कपाळावर विभूती लावून, मोकळ्या रानात हात पसरून उभा होतो.

मग हातावर वजन आलं.

हळूच आलं. आधी कोपरापाशी डोक्याचं, मग अंगाचं. गार होतं. दिसत काही नव्हतं. मी हात जवळ घेतले, कसे घ्यायचे ते ठाऊक नसताना. आणि डोक्यावर कुठंतरी करकर सुरू झाली... लोखंडाची, संथ. वर बघायची छाती झाली नाही. खाली बघितलं. माझ्या पायांवरून सावली सरकली. मग दुसरी. मग तिसरी. आभाळात काही नव्हतं.

पिराजी उठून आला. तोंडावर हसू घेऊनच आला.

"अण्णा, काय धरलंयसा हे?"

हात खाली सोडले असते तर सुटलो असतो. हात झटकायचे, काही नाही रे म्हणायचं. पण ते पडलं असतं. मला हातातल्या जिवाचा श्वास मनगटावर लागत होता.

"पोर," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"एका बाईचं. तिची बारी हाय. ती पाळण्यात बसलीया."

पिराजीनं माझ्या हातांकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं, तिथं सावल्या सरकत होत्या. त्याचं हसू गेलं. तो दोन पावलं मागं सरला, वळला, आणि पोरांना घेऊन निघून गेला. चेंडू तिथंच राहिला.

मी डुलायला लागलो. तिला डुलताना बघितलं होतं तसं. हातातलं गार अंग हळूहळू ऊन झालं. किती वेळ गेला कळलं नाही. वरून एकदा हसणं ऐकू आलं. बाईमाणसाचं, पहिल्यांदा पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा येतो तेव्हाचं. भीती आणि आनंद मिळून. विद्याश्री त्या दिवशी असंच हसली असणार. मी खालून ऐकलं नव्हतं.

करकर थांबली. कुणीतरी माझ्या हातातलं उचलून घेतलं. घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

मी वळलो आणि घरी आलो. पेठेत शिरताना दारांत माणसं उभी होती. पिराजीनं सांगितलं असावं. मी कुणाकडं बघितलं नाही, मानही खाली घातली नाही.

घरात शिरलो तेव्हा विद्याश्री भिंतीकडं तोंड करून पोराला पाजत होती. बसव्वानं तिच्याकडं बघितलं आणि मला खुणेनं सांगितलं की पोर दुसऱ्या अंगालाही पितंय. पाळणा रिकामा होता आणि स्थिर होता.

"धरलं?" तिनं विचारलं.

"धरलं."

तिची नजर माझ्या धोतरावर गेली. पोटापासून गुडघ्यापर्यंत ते भिजलं होतं. तान्ह्या पोरानं मांडीवर मुतावं तसं. तळ्याच्या काठानं एवढा वारा खात आलो होतो, तरी ती ओल अजून गरम होती.

बसव्वानं पेटीतलं दुसरं धोतर काढून माझ्या हातात दिलं.