मुक्ताच्या घरची प्रायमरी

ग्रँड कॅनाल डॉकच्या फलाटावर तो उभा होता आणि हातातल्या फोनला दटावत होता.

“बस कर की आता बाबा... आधी उत्तर दे.”

मुक्तानं मान वळवली. बाहेर आयरिश पाऊस धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता. डार्ट, म्हणजे डब्लिनची लोकल, उशिरा येणार होती. ऑफिसं सुटलेली माणसं छताखाली दाटीवाटीनं उभी होती, आणि त्यांच्यात हा एक उंच, ओल्या केसांचा मुलगा चक्क मराठीत कुणाला तरी झापत होता. कुणाशी बोलत असेल म्हणावं, तर फोन कानाला नव्हता. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून हा आपल्या लोकांचा जुना गुण, मुक्ता वाकली. पडद्यावर दहा माणसं ओळीनं उभी होती. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्यांचा आदल्या रात्रीचा टीव्हीवरचा वादविवाद होता तो. आणि आवाज बंद होता.

“आवाज न लावता कसं कळलं, उत्तर देत नाहीये ते?”

त्याच्या हातून फोन पडता पडता वाचला. “तुम्ही... मराठी?”

“नाही, आयरिश. दोन वर्षांत शिकले.”

तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे हसतात, मग बऱ्याच वेळानं ओठ, हे मुक्ताच्या लक्षात आलं. असल्या गोष्टी लक्षात येऊ लागल्या की माणसानं सावध व्हावं, पण मुक्ताचा तो स्वभाव नव्हता.

“आवाज लावला की माणूस भुलतो,” तो म्हणाला. “नुसतं बघितलं की कळतं, कोण घाबरलंय, कोण पाठ करून आलंय.”

“साफ चूक. डोळे मिटून ऐकायचं असतं. चेहऱ्याला शिकवता येतं हो, श्वासाला नाही शिकवता येत.”

“हे तुम्ही इतक्या खात्रीनं...?”

“माझं कामच आहे ते.” ती नागपूरची, आणि बोललेल्याचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत होती. माणसं कुठे अडखळतात, कुठे श्वास घेतात, कुठे शब्द गिळतात, हे ऐकून खुणा करायच्या आणि यंत्राला शिकवायचं. तो यशोधन, पुण्याचा. एका विमा कंपनीत, कोणती गोष्ट घडण्याची शक्यता किती याचे अंदाज बांधायचा.

डार्ट आली. आत शिरल्यावर मुक्तानं पर्समधून आपले इअरफोन काढले, त्याच्या फोनला जोडले, एक बोंड स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं त्याच्यापुढे धरलं. “आता डोळे मिटा.”

त्यानं मिटले. मग मात्र मुक्तानंच मिटले नाहीत, ती त्याच्याकडे बघत राहिली.

तो जून महिना होता, साल दोन हजार एकोणीस. पुढच्या वर्षी अमेरिकेत निवडणूक होती, पण त्याआधी पक्षातल्या पक्षातच लढत व्हायची होती: एका तिकिटासाठी वीसेक जण. या आधीच्या लढतीला म्हणतात प्रायमरी. दर वादानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी हे दोघं कालव्याकाठच्या बाकावर डबे घेऊन बसू लागले, आणि मग वाद नसला तरी रोजच. उमेदवारांची खरी नावं लवकरच मागे पडली आणि बारसं झालं.

एक होत्या मास्तरीणबाई. कुठल्याही प्रश्नाला त्या मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा असं उत्तर द्यायच्या, आणि वर्गातलं मागचं बाक ऐकतंय ना, हे बघून घ्यायच्या. एक होते तात्या. ते वर्षानुवर्षं तेच भाषण करायचे, त्याच जागी हात उगारायचे, आणि लोक तरी त्याच जागी टाळ्या वाजवायचे. आणि एक होते जावईबापू. कडक इस्त्री, गोड हसू, एकही वाक्य अर्धवट सोडणं नाही.

“जावईबापू पुढे जाणार,” यशोधन म्हणायचा. “कुणाचंच त्यांच्याशी वाकडं नाही. असा माणूस सगळ्यांची दुसरी पसंती असतो, आणि पहिली पसंती घसरली की...”

“दुसऱ्या पसंतीसाठी पावसात कोण रांगेत उभं राहतं रे? आणि तो श्वासच घेत नाही. मधे थांबत नाही, चुकत नाही. ज्याला बोलताना विचार करावा लागत नाही, त्याच्यावर मी का विश्वास ठेवू?”

“मग तुझी पसंती?”

“तात्या. जिंकतील असं नाही म्हणत मी. पण त्यांचा आवाज फाटतो ना, तो खरा फाटतो.”

“आवडणं वेगळं, जिंकणं वेगळं,” तो डब्यातली शेवटची भेंडी तिच्याकडे सरकवत म्हणायचा. तो स्वतः मात्र बोलायला भलताच संथ होता. वाक्य सुरू करायचा, अडायचा, वळसा घालून परत यायचा. त्या अडण्याची मुक्ताला इतकी सवय झाली की भरभर बोलणारी माणसं तिला दमवू लागली. म्हणजे काय झालं होतं ते सांगायला नकोच. फक्त तिनं ते त्याला सांगितलं नव्हतं, आणि तोही मूग गिळून बसला होता.

ऑक्टोबरात मुक्ताची आई, शोभनाबाई, नागपूरहून आल्या. बॅगेत दिवाळीचा चिवडा होता आणि मनात तीन स्थळं होती. “पाहून तर घे बाप्पा. पाहाले काय जाते?” असं म्हणून त्यांनी लेकीचे व्हिडिओ कॉल ठरवून टाकले.

मुक्तानं हे यशोधनला सांगितलं, ते हसत हसत. “आमच्याकडेही प्रायमरी लागलीय. तीन उमेदवार.”

तोही हसला, आणि मग दोघांनी मिळून एक मूर्खपणा केला. जसे अमेरिकेतले उमेदवार तोलायचे, तसे हे तोलायला बसले. टोरोंटोचा मुलगा म्हणे दर प्रश्नाला “व्हेरी गुड क्वेश्चन” म्हणतो. यशोधन म्हणाला, वेळ काढतोय, शक्यता दहा टक्के. बंगळुरूचा मुलगा सलग स्वतःबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला, आता तुमच्याबद्दल थोडक्यात सांगा. त्याला पाचही मिळाले नाहीत. प्रत्येक वेळी मुक्ता बारीक नजरेनं यशोधनच्या चेहऱ्याकडे बघायची. तिथे काही हललं तर... पण तो आपला परीक्षेचे पेपर तपासावेत तसा गंभीर.

तिसरा अभिजित. आयर्लंडच्याच पश्चिम टोकाला, गॉलवेला, हृदयातल्या स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. तो ऐकून घ्यायचा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचा, स्वतःवर हसायचा. शोभनाबाईंना तो पहिल्याच फोनात आवडला. चार वेळा बोलणं झालं. शनिवारी तो डब्लिनला भेटायला येणार होता, आणि सगळं जुळलं तर डिसेंबरात नागपूरला साखरपुडा. नाही म्हणायला मुक्ताकडे एकही कारण नव्हतं. एक होतं, पण ते कालव्याकाठी बसून डबा खात होतं.

“बोल ना,” ती म्हणाली. “याची शक्यता किती?”

यशोधननं डब्याचं झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. “चांगला वाटतो. तुझ्या आईचा पाठिंबा आहे, देश तोच आहे, दोष दिसत नाही...” तो थांबला. “सत्तर टक्के.”

वारा पाण्यावरून आला आणि तिच्या डोळ्यांना झोंबला. वाऱ्यानंच झोंबला, असं तिनं ठरवलं.

“ग्रँड,” ती म्हणाली. आयर्लंडमध्ये सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात, आणि काहीच ठीक नसलं तरी ग्रँडच म्हणतात. मग ती उठली आणि मागे न बघता ऑफिसात गेली. पुढचे काही दिवस तिनं डबा जागेवरच खाल्ला. त्याचे दोन मेसेज आले, तिनं उघडले नाहीत. राग त्याच्यावर होता. आपल्यालाही तोंड आहे, हे मात्र तिला त्या रागात सुचलं नाही.

शनिवारी सकाळी घरात कांदा चिरला जात होता. अभिजित दुपारपर्यंत पोचणार होता. मुक्ता आतल्या खोलीत केस विंचरत होती, तेवढ्यात बेल वाजली आणि शोभनाबाईंनी दार उघडलं.

“यशोधन न तुम्ही? फोटोत पाहिलं मी तुमाले. या न, बसा. भिजले तुम्ही तर.”

मुक्ताचा कंगवा केसांतच राहिला.

“बरं झालं आले ते,” आई सांगत होती. “तो गॉलवेचा पोरगा येऊन राहिला आज. मुक्ता म्हणे, माणूस पारखावा तर तुम्हीच. मले खरं सांगा बरं, कसा आहे तो?”

बाहेर शांतता पसरली. असल्या शांतता मुक्ता रोज कामावर ऐकायची. तिथे एक खूण करायची आणि पुढे जायचं. इथे तिला पुढे जाता येईना.

“मुलगा... चांगला आहे, काकू,” यशोधन म्हणाला. “खरंच चांगला आहे. खोट काढायचा मी खूप प्रयत्न केला. सापडली नाही.”

“मंग?”

“पण तुम्ही मला विचारू नका. आमच्या कामात एक नियम आहे. ज्या प्रकरणात आपला स्वतःचा जीव अडकलाय, त्याचा अंदाज आपण बांधायचा नाही. ते दुसऱ्याकडे द्यायचं. मी... तो मोडला. मुक्तानं विचारलं, मी आकडा सांगितला. आकडा बरोबर होता. फक्त तो सांगताना माझं काय होत होतं, ते नाही सांगितलं.”

“काहून नाही सांगितलं?”

“हरेन म्हणून.”

मुक्ता बाहेर आली. अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे. “आणि आज नाही हरणार?”

तो उठून उभा राहिला. त्याच्या जॅकेटवरून आईच्या स्वच्छ फरशीवर पाणी ठिबकत होतं. “आजही... बहुतेक हरेनच. पण न बोलता घरी बसून हरणं मला जमेना. मला तू आवडतेस, मुक्ता. दुपारी एक वाजेपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही. आणि एक वाजल्यानंतर... तेव्हाही नाही लागत.”

“टोरोंटोवाल्यात काय खोट आहे ते मला कळत नव्हतं, असं वाटलं तुला?” तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. “तुला सांगत होते, कारण एकदा तरी तू म्हणशील, नको बोलूस त्याच्याशी. आणि तू टक्के काढत बसलास. मी त्या दिवशी रडले, यशोधन. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये.”

“मी पण,” तो म्हणाला. “म्हणजे... टॉयलेटमध्ये नाही.”

शोभनाबाईंनी विळी बाजूला ठेवली. “अन तो बिचारा पोरगा? तो निंघाला असन न?”

मुक्तानं फोन उचलला. आता दुसऱ्यांच्या बोलण्यातली इतकी खोट काढणाऱ्या मुक्ताला वाक्य जुळवता येईना. “अभिजित... ऐक ना. मला तुला... म्हणजे आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. माझं, इथे, एक जण...”

पलीकडून अभिजित म्हणाला, “यशोधन ना?”

“तुला... कसं कळलं?”

“अगं, चार वेळा बोललो आपण. दर वेळी यशोधन असं म्हणतो, यशोधनला तसं वाटतं. तो डब्यात काय आणतो, तेसुद्धा मला माहीत आहे. मी आज येणार होतो ते हेच विचारायला, की मग मला कशाला बोलावते आहेस?” त्याच्या आवाजात थोडा दुखरेपणा होता आणि त्यानं तो लपवला नाही. “बरं झालं, स्टँडवरच आहे अजून. सांग त्याला, मी माघार घेतली. पण काकूंच्या हातचा चिवडा पोस्टानं पाठव हं, त्याच्यावर माझा हक्क आहे.”

“पाठवते,” मुक्ता म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या चांगल्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं.

तिनं फोन ठेवला आणि तो काय म्हणाला ते सगळं सांगितलं. यशोधन सोफ्यावर बसला तो बसलाच.

“म्हणजे गॉलवेत बसून त्याला कळलं,” तो म्हणाला, “आणि मी रोज शेजारी बसून...”

“काखेत कळसा न गावाले वळसा,” शोभनाबाई म्हणाल्या. हे तुलाही लागू आहे, अशा नजरेनं त्या लेकीकडे बघत होत्या. अभिजित त्यांना फार आवडला होता, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला, गॅस लावला, आणि थोड्या वेळानं पोह्यांच्या बश्या ट्रेमध्ये मांडून तो सवयीनं मुक्ताच्या हातात दिला. “जा. दे त्याईले. केलेलं वाया काहून घालवा?”

मुक्ता ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आली. अशा वेळी मुलीनं बशी द्यायची आणि समोरच्या खुर्चीत खाली मान घालून बसायचं असतं. आईनं ती खुर्ची सकाळपासून पुसून ठेवली होती. मुक्तानं बशी त्याला दिली, खुर्चीकडे एकदा पाहिलं, आणि सोफ्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“माझं उत्तर राहिलं,” ती म्हणाली.

त्यानं चमचा खाली ठेवला.

“मलाही तू आवडतोस. खूप... आणि कधीपासून ते विचारू नकोस, नाहीतर पुन्हा आकडे काढत बसशील.”

स्वयंपाकघरातून आईनं पत्रिकेबद्दल काहीतरी विचारलं. दोघांनीही ते ऐकलं नाही.